जनुकं, खुर्च्या आणि लाटणं

अहवाल लिहिणं म्हणजे काय काय गाळायचं ते ठरवणं, हे मला साठीनंतर कळलं. गेलं वर्षभर आमची मंडळी मावळात गावोगाव सभा घेत फिरतेय. प्रत्येक सभेचा दोन पानी अहवाल मी वेळेवर पाठवलाय. पण त्या दोन पानांत न मावलेलं सगळं माझ्याकडेच साठत गेलं. आता अशी वेळ आलीय की लग्नात कुणी भेटलं तरी मी ताट हातात धरून सुरू होते. परवा एक वहिनी म्हणाल्या, "अहो, लिहून काढा एकदाचं, वरण गार होतंय!" म्हणून हा उद्योग.

आमच्या सभांचा विषय म्हणजे माणसाच्या जनुकांची दुरुस्ती. घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. आई-बापांकडून आपल्या पेशीपेशीत जो मजकूर येतो, तो आता नेमक्या जागी कातरून सुधारता येतो. पण कुणाचा सुधारायचा, किती, आणि कुणाला विचारून? यावर शास्त्रज्ञ बोलतात, वकील बोलतात. पुण्यातल्या एका समितीला वाटलं की साध्या माणसांनाही विचारावं. मग मावळातली साधी माणसं शोधायचं काम आमच्या गळ्यात पडलं.

आम्ही म्हणजे तिघं. मी लोणावळ्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. तळेगावचे शकीलभाई, मंडप-खुर्च्यांचा धंदा. "बाई, खुर्च्या ज्याच्या, सभा त्याची," असं म्हणून ते आपणहून आत शिरले. आणि पुण्याचा निनाद, तरुण शास्त्रज्ञ. पोरगा हुशार, स्वभावानं गोड, आणि त्याच्या लॅपटॉपमध्ये त्रेचाळीस स्लाइड.

*

पहिली सभा सोमाटण्याला झाली. गावात सभा म्हटली की आधी सत्कार, हे मी विसरले होते, शकीलभाई विसरले नव्हते. त्यांनी आठ शाली आणल्या होत्या. व्यासपीठावर बसायला माणसं आली चौदा. त्यात खाली बसलेल्या दोघांना राग आला, म्हणून त्यांनाही वर घेतलं.

पण शकीलभाई या धंद्यात मुरलेले. ते व्यासपीठाच्या मागे उभे राहिले. पाहुणे शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून बसले की मागून अलगद शाल निघायची, घडी व्हायची आणि परत ताटात! सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त एका माजी उपसरपंचांचं नाव यादीत दोनदा आलं. दुसऱ्यांदा शाल अंगावर पडल्यावर ते म्हणाले, "ही मघाचीच हाय का?"

शकीलभाई गंभीरपणे म्हणाले, "तुमचीच आहे, भाऊ. तुम्हालाच परत केली."

या सगळ्यातून निनादला उरली अकरा मिनिटं. तो सहाव्या स्लाइडवर असताना मागून एका बाईंनी हात वर केला. त्या शकीलभाईंच्या धाकट्या बहीण फरीदा, सासर सोमाटण्यातच, म्हणून गावाच्या फरीदाभाभी. त्यांच्या आयेशाला थॅलेसेमिया आहे. जनुकातल्या एका चुकीमुळे तिचं शरीर पुरेसं चांगलं रक्त बनवत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं.

"साहेब, हे औषध माझ्या मुलीला कधी मिळणार?"

निनाद खोटं बोलत नाही. म्हणाला, "परदेशात उपचार सुरू झालाय, ताई. फार महाग आहे. आपल्याकडे सगळ्यांना कधी मिळेल, मला माहीत नाही."

फरीदाभाभी खाली बसल्या. मग शेजारची आयेशा उठली. नववीतली पोरगी, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. "आणि ती दुरुस्ती फक्त माझ्यात होणार, की पुढे मला होतील त्या मुलांमध्येपण?"

निनादचा चेहरा उजळला. "अगं, हाच तर मुख्य प्रश्न! माझी अठ्ठाविसावी स्लाइड!"

*

दुसरी सभा सुदुंबऱ्याला. समितीनं फॉर्म दिला होता आणि त्यात तीन चौकोन होते: होय, नाही, सांगता येत नाही. फॉर्म वाटायला वेळ नव्हता म्हणून आम्ही म्हटलं, हात वर करा.

मी जोरात विचारलं, "आईच्या पोटात रुजण्याआधीच गर्भाची जनुकं बदलावीत असं कुणाकुणाला वाटतं?"

कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेतल्या सरपंचांकडे. सरपंच दाराकडे बघत होते. तेवढ्यात त्यांनी हात वर केला. झालं, मागच्या सगळ्या रांगांचे हात वर! एका आजीबाईंनी तर दोन्ही वर केले. मी वहीत लिहिलं: 'होय, एकमताने.'

आणि मग सरपंच हात तसाच ठेवून ओरडले, "अरं, च्या आणा की आता!"

मी वहीतलं खोडलं. खोडताना फार अपमान वाटला, माझाच. चाळीस वर्षं वर्गात मुलांना 'समजलं का' विचारून 'होऽऽ' ऐकत आले, तेव्हाही असंच झालं असणार.

चहा झाल्यावर निनादनं परत स्लाइड लावल्या. रोग्याच्या अंगातल्या पेशी सुधारणं वेगळं आणि गर्भाच्या वेगळं, हे तो नऊ स्लाइड समजावत होता. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते, गाव त्यांना आबा म्हणतं. ते हळूच उठले.

"पोरा, एक इचारू? उभ्या पिकाला औषद मारलं तर त्या पिकापुरतं. बियान्यातच बदल केला तर पुढल्या समद्या पेरन्यांना. ह्येच म्हनतोस न्हवं?"

निनाद थांबला. "हो, आबा."

"मंग बियान्याला हात लावायच्या आदी लय लोकान्ला इचाराया पायजे. ज्यांनी पुढं पेरायचंय त्येंना पन."

परतीच्या वाटेवर तळेगाव आलं तेव्हा निनादनं टेम्पोतच लॅपटॉप उघडला आणि नऊ स्लाइड उडवल्या. शकीलभाई आरशातून बघत म्हणाले, "अजून चौतीस राहिल्या. आबांना गाडीत घेऊन फिरू या का?"

*

कुरवंड्याची सभा बायकांची. बचत गटाच्या बारा जणी एका पडवीत पापड लाटत बसल्या होत्या. त्यांनी आधीच बजावलं, "बोलू की, पर हात थांबायचं न्हाईत." माइक नव्हता, व्यासपीठ नव्हतं, सत्कारही नव्हता. मला हायसं वाटलं.

पण पाचव्या मिनिटाला बाराच्या बारा एकदम बोलायला लागल्या. मी शाळेतल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. काही उपयोग नाही. शेवटी हिरामावशी, म्हणजे त्या गटाच्या प्रमुख, यांनी आपलं लाटणं पाटावर आपटलं.

"जिच्या हातात ह्ये लाटनं, तीच बोलंल! बाकीच्यांनी पापड लाटा."

हा नियम इतका झकास चालला की मी थक्क झाले. लाटणं हातोहात फिरायला लागलं. पण मग दोघींची जुंपली. एक म्हणाली, "तू माजं ऐकलंच न्हाईस! मी काय बोल्ले, सांग बरं?" दुसरीला सांगता येईना. हिरामावशींनी लगेच नियम दोन केला: लाटणं घेतलं की आधीची काय बोलली ते सांगायचं, आधीची 'व्हय' म्हणाली की मगच आपलं सुरू.

मग हिरामावशींनी स्वतः लाटणं घेतलं आणि निनादला विचारलं, "पोट आमचं, पोर आमचं. आन ठरवनार कोन? सासू, डाक्टर, का सरकार?" आणि लाटणं त्याच्या हातात दिलं.

निनाद उत्तर द्यायला लागला. बारा जणी एकदम ओरडल्या, "आदी सांग, काय बोलल्या!"

तो म्हणाला, "मावशींचं म्हणणं असं की, स्त्रीच्या प्रजननविषयक स्वायत्ततेचा..."

"मी असं कायबी बोल्ले न्हाई," हिरामावशी म्हणाल्या. "परत."

"म्हणजे, निर्णयप्रक्रियेत महिलांचा सहभाग..."

"न्हाई. परत."

लाटणं दोन्ही हातांत धरून निनाद म्हणाला, "मावशी, बाळ तुमच्या पोटात असणार, तर तुम्हाला न विचारता दुसऱ्याच कुणी ठरवेल, अशी तुम्हाला भीती वाटते."

हिरामावशी हळू म्हणाल्या, "व्हय. आता बोल."

निघताना त्यांनी ते लाटणं कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या सभांना लागंल."

*

लागलंच. पुढची सभा लोणावळ्यात, एका बंगल्याच्या हिरवळीवर, ज्येष्ठ नागरिकांच्या क्लबात. इथे सगळे शिकलेले. पहिलाच प्रश्न आला, "उंची वाढवता येते का?" दुसरा, "गणित सुधारता येतं का? नातवासाठी विचारतोय." तिसऱ्या गृहस्थांना घोरणं काढून टाकायचं होतं, पण त्यांच्या मिसेस म्हणाल्या की आता सवय झालीय.

मी लाटण्याचे दोन्ही नियम सांगितले. एक निवृत्त बडे अधिकारी ताठ बसून म्हणाले, "मॅडम, मी माझं मत मांडीन. पण मी हातात लाटणं धरणार नाही."

त्यांच्या शेजारच्या बाई आख्ख्या सभेत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. नाहीतरी चाळीस वर्षं मीच धरलंय."

आणि त्या बोलल्या. त्यांच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो सगळ्यात आनंदी माणूस होता, त्यांच्या माहेरच्या प्रत्येक लग्नात नाचायला सगळ्यात पुढे तोच. "त्याला आधीच दुरुस्त करून आणलं असतं तर तो हाच आला असता का? मला माहीत नाही. मला ऐकू येतं, तरी मी कधी अशी नाचले नाही." एवढं सांगून त्यांनी लाटणं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

साहेबांनी घसा साफ केला. "तर माझं मत असं..."

सगळा क्लब ओरडला, "आधी त्या काय म्हणाल्या ते सांगा!"

साहेब बायकोकडे बघायला लागले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तो नाचायचा, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तीनदा."

*

या सगळ्या सभांना आयेशा यायची. मामूच्या टेम्पोत पुढे बसून, मांडीवर वही. कोण काय बोललं ते ती माझ्यापेक्षा चांगलं टिपायची. रक्त चढवून आली की गाल जरा लाल असायचे आणि आल्या आल्या म्हणायची, "बाई, आज बॅटरी फुल्ल! आज भांडणार!" तिसरा आठवडा संपत आला की गप्प गप्प, कोपऱ्यातल्या खुर्चीत डोकं टेकून. तेव्हा शकीलभाई न बोलता आणखी एक खुर्ची आणून तिच्या पायाखाली सरकवायचे. तिचं रिकामं दप्तर उचलूनसुद्धा तेच न्यायचे आणि आयेशा चिडायची.

शेवटची मोठी बैठक पुण्यात ठरली. समिती समोर बसणार, प्रत्येक गटाच्या एका माणसानं आठ मिनिटं बोलायचं. आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. आबा म्हणाले आयेशा, हिरामावशी म्हणाल्या आयेशा. मी तिचं नाव कळवलं.

दोन दिवसांनी फोन आला. "मॅडम, वक्ता अठरा वर्षं पूर्ण हवा. नियम आहे."

मी म्हटलं, "अहो, ज्या आजाराबद्दल तुम्ही सगळे बोलताय तो तिला झालाय!"

"बरोबर. पण त्यामुळे त्या तशा तटस्थही नाहीत ना."

मी फोन ठेवला नाही, आपटला. मग कोणालातरी सांगायलाच हवं होतं, म्हणून सोमाटण्याला गेले. आयेशानं ऐकून घेतलं. चार पानी भाषण तिनं पाठ केलं होतं. ती पानं तिनं वहीत परत ठेवली आणि म्हणाली, "अठरा व्हायला तीन वर्षं आहेत, बाई. तोपर्यंत ते ठरवून टाकतील ना?"

वर्गात इतकी मुलं शिकवली, पण त्या दिवशी एका मुलीसमोर मला खरंच लाज वाटली. शेवटी फरीदाभाभींनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाई, माझं नाव लिहा. मी अठराची कधीचीच झाले."

*

आणि मग पुण्याची बैठक.

शकीलभाईंच्या टेम्पोत आम्ही सगळे: आबा नव्या टोपीत, हिरामावशी आणि त्यांच्या दोघी जणी, निनाद, फरीदाभाभी, आयेशा. दारावरच्या वॉचमननं माझी पिशवी उघडली आणि लाटणं बाहेर काढलं. "हे काय?"

"माइक," शकीलभाई म्हणाले.

एसी हॉल, गुबगुबीत खुर्च्या. शकीलभाईंनी बसण्याआधी एक खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासले आणि मान हलवली. पुढे समितीचे पाच जण आणि मधोमध अध्यक्ष. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरे केस, मोठे प्राध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून भाषणं ऐकून त्यांचे डोळे जडावले होते.

आमचं नाव पुकारलं. फरीदाभाभी उठल्या, आयेशाचा हात धरून पुढे गेल्या. माझ्या पिशवीतलं लाटणं त्यांच्या हातात होतं. माइकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझं नाव फरीदा. आमच्या सभांमध्ये ज्याच्या हातात हे असतं, तो बोलतो." आणि लाटणं आयेशाला दिलं.

अध्यक्ष सावरून बसले. "एक मिनिट. वयाची अट आहे. आपल्या नियमाप्रमाणे..."

"नियम तुमचा आहे, सर," फरीदाभाभी शांतपणे म्हणाल्या. "आठ मिनिटं आमची आहेत."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. अध्यक्षांनी शेजारच्यांकडे पाहिलं, शेजारच्यांनी घड्याळाकडे. "बरं," ते म्हणाले, "बोल, बाळ."

आयेशानं वही उघडलीच नाही.

"मला औषध हवंय. लवकर हवंय, आणि तळेगावात मिळणारं हवंय. ते माझ्यापुरतं आहे, त्यात मला काही शंका नाही. पण तुम्ही दुसरंही बोलता. माझ्यासारखी मुलं पुढे होऊच नयेत म्हणून आधीच दुरुस्ती करायची. ते ऐकलं की मला पटतं. सुया मलाच टोचतात. आणि त्याच वेळी वाईटही वाटतं, की म्हणजे मी नको होते का? दोन्ही एकदम वाटतं. तुमच्या फॉर्मात तीन चौकोन आहेत, त्यात हे बसत नाही. 'सांगता येत नाही' असं मी लिहिणार नाही, कारण मला सांगता येतं. आत्ता सांगितलं. तुम्ही ठरवाल तेव्हा मला बोलवा. अठराची व्हायची वाट बघू नका."

तिनं लाटणं टेबलावर ठेवलं. फरीदाभाभी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. माझंही काही वेगळं नव्हतं.

अध्यक्षांनी माइक पुढे ओढला. "धन्यवाद. या संदर्भात समितीचं मत असं आहे की..."

"लाटनं घ्या!" मागून हिरामावशींचा आवाज आला. "आन आदी ती काय बोल्ली ते सांगा!"

अध्यक्षांना कळेना. निनाद धावत पुढे गेला, वाकून दोन्ही नियम त्यांना समजावले, आणि लाटणं उचलून त्यांच्या हातात दिलं. अध्यक्ष हसले. शिकलेला माणूस, एवढं काय अवघड!

"या मुलीचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की बाधित घटकांना धोरणप्रक्रियेत..."

आयेशानं मान हलवली. "नाही."

"म्हणजे, उपचारांची उपलब्धता आणि नैतिक प्रश्न यांचा समतोल..."

"नाही, सर."

आबा पुढच्या खुर्चीला टेकून ऐकत होते. शकीलभाई गुबगुबीत खुर्चीच्या अगदी काठावर आले होते. अध्यक्षांनी एकदा हातातल्या लाटण्याकडे पाहिलं, एकदा आयेशाकडे. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि माइक बाजूला सारून म्हणाले,

"बाळ, परत एकदा सांगशील का?"

आयेशानं हात पुढे केला.

"सांगते ना, सर. आधी लाटणं द्या."